धूर नव्हता

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४ रिश्टरच्या पुढचा धक्का बसल्यावर तर घरात झोपायला माणसं तयार होईनात. ऐन थंडीत बिऱ्हाडं अंगणात, तंबूत, ताडपत्रीखाली. मी तेव्हा उधवा भागात आरोग्यसेविका होते. रोज कोणीतरी सांगायचं, "सिस्टर, डोकं फिरतं." माझं उत्तर ठरलेलं: धास्ती घेतलीये, भूकंप मनातून काढा.

पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही होतं. जमीन सतत हलत राहिली की धक्का नसतानाही हलल्यासारखं वाटतं. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर डॉक्टरांनी तशी नोंद केली आहे. काहींना गारठाच बाधत होता. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, लघवी जास्त होते, तहान मात्र लागत नाही. अंगात पाणी कमी असलेला माणूस झटकन उठला, की रक्तदाब उतरून घेरी येते.

एका बाईचं दुखणं यात बसत नव्हतं, आणि तिने ते नीट सांगितलं होतं. पहाटे डोकं जड, मळमळ, भोवळ; मोकळ्यावर आलं की थोड्या वेळात बरं. मुलांनाही तसंच. तिचं रक्त कमी होतं. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, भिऊ नको म्हटलं आणि पुढच्या पाड्यावर गेले.

काही दिवसांनी पहाटे उठताना ती कोसळली. उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. चिकूच्या वाडीवरची मजुरी बुडाली, नंतर भातलावणीही.

तिला बघायला गेले तेव्हा मी पहिल्यांदा ताडपत्रीच्या आत वाकले. कडा दगडांनी दाबलेल्या, मधोमध घमेल्यात निखारे. "धूर होऊ नये म्हणून बाहेर पेटवून मग आत आणतो," ती म्हणाली. तिने तिच्या परीने काळजीच घेतली होती. पण धूर सरला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. कुडाच्या घरात फटींतून वारा खेळतो. ताडपत्रीला तशा फटी नव्हत्या. कुठे झोपता, विस्तव कुठे असतो, घरात आणखी कोणाला होतं, एवढंच मला विचारायचं होतं.

त्या दिवशी मी पाड्यावरच्या एकेका तंबूत शिरून घमेली बाहेर काढायला लावली. तिची मुलं वाचली, त्यात माझा काही वाटा नव्हता. मुलं झोपायची त्या कोपऱ्यात ताडपत्री फाटलेली होती.