श्येनाची डागडुजी

ज्याचें उभें आयुष्य मुलांकडून रूपावलि घोकवून घेण्यांत गेलें, अशा संस्कृतच्या मास्तरानें विमानाच्या ब्रेकविषयीं लेख लिहावा, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. मलाही तें तसेंच वाटतें. सायकलचा ब्रेक आवळण्यापलीकडे यंत्रविद्येशीं माझा कधीं संबंध आला नाहीं. आणि घरांतलें विजेचें बटण बिघडलें तर कोपऱ्यावरच्या वायरमनला निरोप धाडावा, एवढेंच मी आजवर करीत आलों. पण 2025 सालच्या आरंभीचे तीन महिने असे गेले कीं, त्यांची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

त्या जानेवारींत आम्ही उभयतां जर्मनीस गेलों. चिरंजीव तेथें बव्हेरिया प्रांतांत नोकरीस आहे. सूनबाईंचें बाळंतपण करावयाचें, हें जाण्याचें कारण. फेब्रुवारीच्या आरंभीं नात झाली. घरांत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीचें पथ्यपाणी यांची एकच गडबड उडाली, आणि माझी अवस्था श्लोकांत केवळ पादपूरणासाठीं घातलेल्या 'तु'-'हि' सारखी झाली. असलों तरी चालें, नसलों तरी चालें! मुलगा मात्र दर शनिवारीं सकाळीं डबा घेऊन विमानांच्या मंडळांत जाई. तेव्हां एके दिवशीं घरांतून मला आज्ञा झाली, "तुम्ही एकदां त्याच्याबरोबर जाऊन या. आतां पोर झाली आहे, हा उडण्याचा नाद पुरे, असें त्याला समजावून सांगा. तुमचें ऐकेल तो." तो माझें ऐकेल याची मला मुळींच खात्री नव्हती. त्याचें कारण पुढें येईलच.

हा नाद म्हणजे काय तें आधीं सांगितलें पाहिजे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचें विमान. पुण्याजवळ हडपसरच्या मैदानावरून उडणारीं ग्लायडरें पुष्कळ वाचकांनीं पाहिलीं असतील. जमिनीवरचें यंत्र तारेनें ओढून त्यांना वर चढवितें, आणि मग तापून वर जाणाऱ्या हवेच्या आधारानें तीं घारीसारखीं तरंगत राहतात. आमच्या मुलाचें खूळ तेथेंच उगवलें. त्याचे मामा हडपसरला राहत, आणि सुट्टींत हा गच्चीवर उताणा पडून दिवसभर आकाश पाही. जर्मनीस तर हें खूळ राष्ट्रीयच म्हणावें लागेल. पहिल्या महायुद्धानंतर 1919 च्या व्हर्सायच्या तहानें त्या देशाच्या विमानविद्येवर कडक निर्बंध आले. तेव्हां तेथले तरुण बिनइंजिनाच्या विमानांकडे वळले, आणि 1920 पासून वासरकुप्पे नांवाच्या डोंगरावर त्यांच्या चढाओढी भरूं लागल्या. आजही तेथें ठिकठिकाणीं अशीं मंडळें आहेत. उन्हाळ्यांत उडावें आणि हिवाळ्यांत सभासदांनीं आपल्या हातांनीं विमानांची डागडुजी करावी, असा परिपाठ.

मुलाच्या मंडळाचें जें वाहन, तें मोटर-ग्लायडर. म्हणजे इंजिनाच्या बळावर वर जावयाचें, मग इंजिन बंद करून तरंगावयाचें. त्याचें नांव 'फाल्के'. तें ऐकतांच मला दादासाहेब फाळके आठवले! जर्मन भाषेंत फाल्के म्हणजे ससाणा, आपला श्येन. एगॉन शायबे ह्या गृहस्थाच्या म्युनिकजवळील कारखान्याची ही जात. पहिला फाल्के 1963 सालीं उडाला, आणि मंडळाचा फाल्के त्यानंतर दहा-बारा वर्षांनीं बांधलेला. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलें कापड, लांकडी पंख या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सुमारें 15 मीटर, शेजारीं शेजारीं दोन आसनें, आणि पुढें फोक्सवॅगन मोटारीच्या इंजिनावरून तयार केलेलें सुमारें 60 अश्वशक्तीचें इंजिन. पोटाखालीं मधोमध एकच चाक.

कामावर देखरेख ठेवणारा परवानाधारक तपासनीस पंचाहत्तरी गांठलेला, अबोल गृहस्थ होता. मुलानें माझी ओळख करून दिली तेव्हां मीं त्याला आपल्या श्येनचितीविषयीं सांगितलें. पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची ती यज्ञवेदी. 5 थर, प्रत्येक थरांत 200 विटा, आणि फुटकी वीट लावावयाची नाहीं असा दंडक. म्हाताऱ्यानें सर्व लक्षपूर्वक ऐकलें व मुलाकरवीं विचारलें, "फुटका भाग लावूं नये हा नियम आमच्याकडेही आहे. पण तो फुटका आहे हें ओळखावें कसें, याविषयीं तुमच्या ग्रंथांत काय म्हटलें आहे?" मला उत्तर सुचलें नाहीं.

पहिले दोन शनिवार बटणांत गेले. दर्शनी फलकावरचीं बटणें मूळचीं, म्हणजे जवळ जवळ पन्नास वर्षांचीं. दिसावयास ठाकठीक, पण रेडिओ मधूनच मुका होई, आणि मुख्य बटणाला बोट लावलें तर तें कोमट लागे. बटणाच्या पोटांत धातूचे दोन तुकडे एकमेकांस भिडतात. वर्षानुवर्षें त्यांवर गंज व काजळी धरते, विजेला वाट अरुंद होते, आणि अरुंद वाटेंत ती उष्णता उत्पन्न करते. मीं म्हटलें, "मग बाजारांतलें घरगुती बटण कां नाहीं बसवीत?" तेव्हां कळलें कीं, आपल्या घरची वीज दर सेकंदास शंभर वेळां शून्यावर येते, त्यामुळें बटण उघडतांना पडणारी ठिणगी आपोआप विझते, बॅटरीची वीज एकाच दिशेनें अखंड वाहते, ती ठिणगी लौकर तुटत नाहीं. म्हणून बटणही त्या विजेच्याच जातीचें हवें, आणि त्याजबरोबर तें कोठून आलें याचा दाखलाही हवा. दाखल्यावांचून वधू-वर तर सोडाच, स्क्रूसुद्धां तेथें घरांत घेत नाहींत!

बॅटरी सोडवितांना आधीं ऋण टोंक सोडावयाचें, जोडतांना तें शेवटीं जोडावयाचें. कारण सगळा पोलादी सांगाडा ऋण टोंकाशीं जोडलेला असतो. तें जोडलेलें असतांना धन टोंकावरचा पान्हा चुकून सांगाड्यास लागला तर आगीचा डोंब. मग प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावयाची. हें काम मीं मागून घेतलें. चाळीस वर्षें फळ्यावर वळणदार अक्षर काढलेल्या हातानें मीं चिठ्ठ्यांवर क, ख, ग लिहिलें, व समोर आंकडे घालून नकाशाशीं ताडून पाहूं लागलों. मुख्य बटणाच्या एका खिळ्यावर नकाशाप्रमाणें दोन तारा हव्या होत्या, प्रत्यक्षांत तीन होत्या. मला विद्युच्छास्त्र येत नाहीं, पण उत्तरपत्रिकेंतला एक जादा शब्द मला झोंपेंतही दिसतो. तपासनिसानें चष्मा पुसून पाहिलें. कोणीएके काळीं कोणींतरी एक जादा उपकरण बसवून त्याची नोंदच केली नव्हती. उपकरण गेलें, तार मात्र तशीच. ती काढली आणि म्हाताऱ्यानें माझ्यापुढें कॉफीचा पेला ठेवला. परदेशांत माझ्या विद्येला मिळालेली ही पहिली बिदागी.

मॅग्नेटोचें बटण मात्र सर्वांत विलक्षण. इंजिनांत ठिणगी पाडणारी वीज मॅग्नेटो नांवाचें यंत्र स्वतःच उत्पन्न करतें. बॅटरीशीं त्याला कर्तव्य नाहीं. आपलें बटण जोड लावला कीं दिवा पेटवितें; येथें जोड लागला कीं मॅग्नेटोची वीज सांगाड्यांत जिरते व इंजिन थांबतें. बटण उघडें, म्हणजे इंजिन जिवंत! म्हणून त्या बटणाची तार तुटली तर किल्ली 'बंद' दाखवीत असतांनाही, प्रोपेलरला नुसता हात लावून फिरविलें तरी इंजिन उसळून हात तोडूं शकतें. निषेधाचा लोप झाला कीं विधि आपोआप उभा राहतो, असें मीं मनांत म्हटलें.

मुलगा मला हें समजावून देत असतां मी त्याच्या हातांतल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहत होतों. 1996 सालीं हा अकरा वर्षांचा होता. स्वयंपाकघरांतलें बटण लागत नव्हतें. मी शाळेंतून आलों तों हा स्टुलावर चढून बोर्ड उघडून बसलेला, आणि फ्यूज काढलेलाच नाहीं! भीतीनें माझा तोल गेला. मीं त्याला खालीं ओढून श्रीमुखांत भडकावली. फ्यूज कां काढावा हें मात्र सांगितलें नाहीं, कारण तें मला धड ठाऊक नव्हतें. मामानें दिलेला त्याचा लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर मीं माझ्या ट्रंकेंत टाकला, तो अजून तेथेंच आहे. त्यानंतर यंत्राची एकही गोष्ट त्यानें मला विचारली नाहीं कीं सांगितली नाहीं. इंजिनियर झाला तोही मला न विचारतां. ती हकीकत मीं त्या दिवशीं काढली. तो म्हणाला, "तुमचें बरोबरच होतें, नाना. मी मेलों असतों." आणि पुन्हां तारेंत डोकें घातलें.

मार्चमध्यें ब्रेकची पाळी आली, आणि तेथें एक निराळीच गोष्ट बाहेर पडली.

ह्या विमानांत हाताशीं एक निळा दांडा असतो. उतरतांना तो मागें ओढला कीं पंखांच्या पाठीवर फळ्या उभ्या राहतात, वाऱ्याचा आधार मोडतो, आणि विमान खालीं येतें. तोच दांडा पार शेवटपर्यंत ओढला कीं चाकाचा ब्रेक लागतो. दांडा एक, कामें दोन. म्हणून त्यांचा क्रम फार जपावा लागतो. ब्रेकची तार फार आवळली तर फळ्या पुऱ्या उघडण्यापूर्वींच ब्रेक धरूं लागेल, आणि जमिनीला टेकतांना चाक जखडलेलें असेल. चाक एकच व तेंही पुढच्या अंगास, त्यामुळें एकदम जखडलें तर विमान नाकावर येऊन प्रोपेलर मातींत जाईल. तार सैल राहिली तर दांडा संपतो, ब्रेक लागत नाहीं. तार सायकलसारखीच, नळींतून जाणारी.

मागच्या, म्हणजे 2024 च्या, ऑक्टोबरांत हें विमान उतरल्यावर थांबेना. दांडा शेवटपर्यंत आला, गवत ओलें होतें, आणि घरंगळत घरंगळत तें कुंपणापासून दोन हातांवर जाऊन थांबलें. विमानांत मुलगा एकटाच होता. घरीं सूनबाईंना सहावा महिना होता; त्यानें हें कोणालाच सांगितलें नाहीं. मलाही तें कळलें तें तपासनिसानें दुरुस्तीची वही उघडली म्हणून. 2024 च्या वसंतांत 'ब्रेक तपासला, तार आवळली' अशी नोंद होती व खालीं सही मुलाची होती.

म्हाताऱ्यानें एक शब्दही न बोलतां ड्रम त्याच्यापुढें ठेवला. उघडल्यावर दिसलें कीं, चाकाच्या बेअरिंगांतलें ग्रीस आंत झिरपून ब्रेकचे लायनर काळेशार, कांचेसारखे गुळगुळीत झाले होते. असे लायनर धुऊन उपयोग नाहीं. ते टाकूनच द्यावे लागतात. आंतली धूळ फुंकावयाची नाहीं, ओल्या फडक्यानें टिपावयाची. कारण जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, तें छातीला घातक, आणि जर्मनींत 1993 पासून त्यावर बंदी आहे. मग तपासनिसानें दांड्याकडच्या टोंकावरची रबरी टोपी सरकविण्यास सांगितलें. तार एकोणीस धाग्यांची. मुलानें सुईनें एक एक धागा बाजूस करून मोजले. सात तुटलेले होते. ब्रेक धरीत नव्हता म्हणून त्यानें तार आवळली होती. ड्रम उघडून पाहिला नव्हता. आवळल्यामुळें ताण वाढला आणि जेथें तार वळते तेथें एकेक धागा तुटत गेला.

माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण ते बाहेर पडण्यापूर्वीं मला माझी सायकल आठवली. तीस वर्षें मी तिचा ब्रेक असाच आवळीत आलों. खालचे रबर झिजले आहेत कीं काय, तें एकदांही वांकून पाहिलें नाहीं. आणि त्या वेळीं पान्हा हातांत देण्यास हाच मुलगा शेजारीं उकिडवा बसलेला असे.

नवी तार आली, लायनर आले, ग्रीस अडविणारी चकती बदलली. दांडा कितपत ओढल्यावर फळ्या पुऱ्या उघडतात व कोठें ब्रेक धरूं लागतो, तें दोघांनीं खडूच्या खुणा करून दहादां पाहिलें. शेवटीं म्हातारा वहींत सही करूं लागला तेव्हां मुलगा ओशाळून उभा होता. सही झाल्यावर म्हाताऱ्यानें फुटके सात धागे असलेली ती तार वेटोळें करून त्याच्या खिशांत घातली व म्हणाला, "पुढच्या वर्षीं ड्रम तूंच उघडावयाचा. मी फक्त पाहणार."

घरीं आल्यावर मला विचारणा झाली, "सांगितलेंत का त्याला?" मीं म्हटलें, "अजून काम चाललें आहे." हें खोटें नव्हतें. ऑक्टोबरची गोष्ट मीं सांगितली नाहीं. तीं त्याचीं त्यानें आईला व बायकोला सांगावी, असें मीं त्याला बजावलें, आणि चार दिवसांनीं त्यानें तें केलें. त्या रात्रीं घरांत काय झालें तें येथें लिहीत नाहीं.

मार्चच्या अखेरच्या रविवारीं ऊन पडलें होतें. मुलानें विचारलें, "नाना, बसतां?" मी बसलों. वर गेल्यावर त्यानें इंजिन बंद केलें, आणि मला वाटलें होतें त्यापेक्षां फार मोठी शांतता झाली. नुसता वारा कापडावरून जात होता. खालीं शेतांवर अजून कोठें कोठें बर्फ होतें. आम्ही फारसें बोललों नाहीं. उतरण्यापूर्वीं त्यानें इंजिन पुन्हां सुरू केलें आणि निळा दांडा ओढला. चाक टेकलें, आणि शेवटल्या वितींत ब्रेकनें अगदीं हळू, पण पक्कें धरलें.

किल्ली 'बंद'वर आली, प्रोपेलर थांबला. मी बाहेर पडलों तों टोपी वाऱ्यानें उडून पुढें गेली. ती उचलण्यास वांकलों तेव्हां मागून त्याचा आवाज आला, "नाना, बाजूनें जा. पात्यासमोर नको."

"अरे, बंद आहे ना?"

"बंद आहे," तो म्हणाला, "तरी बाजूनेंच जा."