कोकिळेची लाजाळू बहीण

दोस्तांनो, कोकिळा म्हटलं की काय आठवतं? 'कुहू कुहू' (गातो तो नर बरं का!) आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होणारी आई. आज तिच्या एका चुलत बहिणीला भेटू या. ही गात नाही आणि पिल्लं दुसऱ्याच्या गळ्यातही मारत नाही. तिचं नाव सिरकीर मालकोहा.

सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळायचं. नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात जायचं. तिथे आणि शेजारच्या भोर तालुक्यातही करवंदीच्या जाळ्या, बोरी-बाभळी असलेले डोंगरउतार आहेत. असलं झुडपी रान तिला आवडतं.

एकदा अशाच उतारावर जाळीखालून काहीतरी मातकट, लांब शेपटीचं सुर्रकन पळालं. मी दुर्बीण शोधतोय, तोवर गुराखी म्हणाला, "मुंगूस बघताय व्हय?" मलाही तसंच वाटलं होतं! तेवढ्यात ते 'मुंगूस' टुणटुण उड्या मारत बाभळीवर चढलं. पिवळ्या टोकाची लालभडक चोच दिसली आणि पंख पसरून स्वारी पलीकडच्या झाडात तरंगत गेली.

लांबी कावळ्याएवढी, पण त्यातली निम्मी शेपूटच. पंख आखूड, उडणं बेताचं. म्हणून सगळी भिस्त पायांवर. नाकतोडे, सुरवंट, सरडे, पडलेली फळं, सगळं चालतं. आवाज क्वचितच, तोही 'किक् किक्' एवढाच.

उन्हाळा-पावसाळ्यात नर-मादी मिळून काटेरी झुडपात काटक्यांचं उथळ घरटं करतात. आत हिरवी पानं, त्यावर दोन-तीन पांढरी अंडी. पिल्लांना दोघंही भरवतात.

पण त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, डोंगरांना वणवे लागतात. गवत चांगलं येतं, या समजुतीने काही जण मुद्दाम काडी लावतात. गवत पहिल्या पावसात उगवतंही. करवंदीची जाळी मात्र पुन्हा दाट व्हायला कितीतरी वर्षं घेते. तोवर या बाईंनी घरटं बांधायचं कुठे?

सुट्टीत तिकडे गेलात तर सकाळी लवकर निघा, गप्प बसा आणि झाडांपेक्षा जाळ्यांच्या बुडाशी बघा. घरटं दिसलंच तर लांबूनच मागे फिरा. आणि मुंगूस दिसलं, तर शेपटीकडे नीट बघा. टोकं पांढरी आहेत का?