दुसऱ्याच्या फाइलमध्ये लिहिलेली ओळ

फोन सुरू होताना लिनक्सचा कर्नल आधी एक यादी वाचतो. टचस्क्रीन कुठे जोडलाय, कॅमेरा कोणत्या तारांवर आहे, वगैरे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ती असते. तिचं नाव डिव्हाइस ट्री. यूएसबीचा पेनड्राइव्ह स्वतःची ओळख स्वतः सांगतो, पण आय-टू-सी तारांवरचा सेन्सर मुका असतो. तो तिथे आहे हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं.

पूर्वी एआरएम बोर्डांची ही माहिती कर्नलच्या सी कोडमध्येच कोंबलेली असायची. २०११ मध्ये लायनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे वैतागले आणि त्यानंतर एआरएमची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली.

माझा तिच्याशी संबंध आला तो मामाच्या कांदाचाळीमुळे. तिथल्या छोट्या बोर्डाला बीएमई२८० सेन्सर आहे. चाळीतलं तापमान आणि आर्द्रता मामाला फोनवर दिसते. दमट हवा कोंडली की कांदा सडतो, म्हणून हे आकडे महत्त्वाचे. ऐन पावसाळ्यात ते बंद पडले.

"काय गं, तुमचं यंत्र झोपलं का?" मामाचा फोन.

सेन्सर ठीक होता, ताराही जागेवर. फक्त रात्री कर्नल अपडेट झाला होता. बोर्ड बसवून देणाऱ्याने सेन्सरची नोंद मूळ डीटीबी फाइलमध्येच घुसवली होती. ती फाइल कर्नलच्या पॅकेजची. नवं पॅकेज आलं, फाइल बदलली, नोंद गेली.

जुनी डीटीबी परत चिकटवता आली असती. पण मग नव्या फाइलमधल्या दुरुस्त्या हुकल्या असत्या, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

त्याऐवजी मी ओव्हरले लिहिला. ही फक्त आपला फरक सांगणारी वेगळी फाइल, बूट होताना मूळ यादीवर चढणारी. बोर्डावर आर्मबियन होतं. त्यात अशा फाइलींसाठी स्वतंत्र फोल्डर असतं आणि बूटच्या सेटिंगमध्ये तिचं नाव एका ओळीत द्यायचं. कर्नलचं पॅकेज तिला हात लावत नाही.

मूळ डीटीएस मात्र मी गिटमध्ये ठेवली आहे, सेन्सर कुठे जोडलाय या टिपेसकट. उद्या मूळ यादीतली नावं बदलली तर ओव्हरले चढणार नाही. तेव्हा कंपाइल केलेल्या फाइलपेक्षा हा मजकूर उपयोगी पडेल.

"म्हणजे आता बंद पडणार नाही ना?" मामाने विचारलं.

"पडलं तरी दुरुस्ती कुठे करायची ते लिहून ठेवलंय," मी म्हटलं.