बार उडाला नाही तर

मागच्या सत्रात मुलांनी ‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध लिहिला. बहुतेक सगळे निबंध क्रिकेटवर, दोन फुटबॉलवर आणि एकच नेमबाजीवर होता. तो आमच्या लेकीचा. निबंध वाचून दोन-तीन पालकांनी मला चहाच्या वेळी गाठले. “अहो, चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात बंदूक देता तरी कशी?” बाई म्हणाल्या, “एकेकाला सांगत बसण्यापेक्षा लिहूनच द्या.” म्हणून हा लेख.

तिचा आवडता खेळाडू म्हणजे स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेत्या झाल्या होत्या. आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी तर इथल्या सरे परगण्यात बिझली येथे झाली होती. तिथे आपल्या अंजली भागवतांनी सुवर्णपदके जिंकली. तेव्हा हा खेळ काही आपल्याला परका नाही. ५० मीटरच्या या स्पर्धांत जी रायफल वापरतात तिला इथे नुसते ‘टू-टू’ म्हणतात. आमच्या गावच्या क्लबात मुलांना शिकवतात तीही टू-टूच.

लेकीला सोडायला-आणायला मीच जात असे. थंडीत गाडीत बसून राहण्यापेक्षा मीही नाव घातले. इथे अशा क्लबांना होम ऑफिसची मान्यता लागते, आणि पूर्ण सभासद होण्याआधी किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते. पहिल्या संध्याकाळी एकही गोळी झाडायला मिळाली नाही. रेंज ऑफिसर म्हणजे एक निवृत्त आजोबा. त्यांनी बराच वेळ एकाच गोष्टीवर घालवला : चाप ओढला आणि आवाजच झाला नाही, तर काय करायचे. मला जरा गंमतच वाटली. बंदूक उडाली नाही तर काळजी कसली? पण खरी काळजी तिथेच आहे, हे काडतूस आतून कसे असते ते समजल्यावर पटते.

आपल्या लहानपणी दिवाळीत टिकल्यांची पिस्तुले असत. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला तळाशी मधोमध तशीच एक टिकली असते. टू-टूच्या काडतुसाला ती नसते. त्याच्या पितळी नळकांडीला तळाशी बाहेर आलेली कड असते, आणि पेट घेणारा मसाला त्या कडेच्या पोकळीत असतो. करंजीच्या मुरडीत सारण भरल्यासारखा! मसाला ओला असतानाच काडतूस गरगर फिरवतात, म्हणजे तो कडेत सगळीकडे पसरतो. चाप ओढला की बोल्टमधली पोलादी पिन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो, त्याने आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. आता त्या कडेत एखाद्या जागी मसाला पोचलाच नसेल आणि पिन नेमकी तिथे आपटली, तर नुसते ‘टक्’ होते. कधी पिन झिजलेली असते, कधी स्प्रिंग थकलेली. कधी आत मेणकट घाण साठल्याने काडतूस पुरते बसलेले नसते, आणि पिनेचा जोर ते आत ढकलण्यातच जातो. बाहेर काढलेल्या काडतुसाच्या कडेवर खोल खाच दिसली तर दोष बहुधा काडतुसाचा, पुसट दिसली तर रायफल तपासायला हवी.

पण हे सगळे नंतर. ‘टक्’ झाल्याक्षणी आपल्याला यातले काही माहीत नसते. काडतूस खरेच मेलेले आहे की आत धुमसते आहे, हे बाहेरून कळत नाही. क्वचित ते उशिरा उडते. बहुतेक वेळा हा उशीर अगदी क्षणाचाच असतो, पण त्या क्षणात कोणी घाईने बोल्ट उघडला असेल तर पातळ पितळेला मागून आधार राहत नाही. ते फुटून तुकडे तोंडाकडे येतात. म्हणून नळी निशाणाकडेच ठेवायची, बोट चापावरून काढायचे, बोल्टला हात लावायचा नाही, मोठ्याने “मिसफायर” म्हणायचे आणि थांबायचे. आमच्या क्लबात पूर्ण ३० सेकंद. मग रेंज ऑफिसर शेजारी येतात आणि त्यांच्या सांगण्यावरूनच, तोंड बाजूला ठेवून, बोल्ट हळू उघडायचा.

याहून वाईट प्रकार म्हणजे फुसका बार. आवाज होतो, पण दबका. खांद्याला धक्का नेहमीपेक्षा कमी बसतो आणि समोरच्या कार्डावर भोक दिसत नाही. म्हणजे गोळी नळीतच अडकलेली असू शकते. नवशिक्याला वाटते, आवाज झाला ना, नेम चुकला असेल, भरा दुसरे काडतूस. तेच करायचे नाही. पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळली की नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा वाटला तर थांबायचे, मग आपल्या मागे कितीही जण खोळंबलेले असोत. रेंज ऑफिसर बोल्ट काढून घेतात आणि नळीतून गज घालून ती मोकळी आहे ना, हे पाहतात.

लेकीच्या बाबतीत ‘टक्’ झाले ते नोव्हेंबरात, तिच्या पहिल्या सामन्यात. सहा गोळ्या झाल्या होत्या, नेम छान लागत होता. ती पालथी झोपलेली, डाव्या दंडाला पट्टा ताणलेला. मी काचेमागे. तिची मान क्षणभर हलली, मला वाटले आता ही वाकून बघणार. पण उजवा हात वर गेला आणि स्वच्छ आवाजात “मिसफायर” ऐकू आले. शेजारचा मुलगा तेवढ्यात कार्ड संपवून उठायच्या तयारीत होता. त्यालाही रेंज ऑफिसरांनी होता तिथेच पडून राहायला सांगितले. ३० सेकंद ही वेळ कागदावर काहीच नाही. काचेमागून मात्र ती मला फार लांब वाटली. बोल्ट उघडला, काडतूस बाहेर आले, कडेवर चांगली खोल खाच होती. ते लाल झाकणाच्या डब्यात गेले. रिकाम्या पुंगळ्यांच्या बादलीत ते टाकत नाहीत, कारण ते अजून जिवंत असते. आणि गंमत म्हणून खिशात घालून घरी आणायचे म्हणाल, तर इथल्या कायद्याने परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

उरलेल्या चार गोळ्या तिने मारल्या. गुण बेताचेच पडले. संघ हरला, असो.

रविवारी तिने सांगलीला आजीला व्हिडिओवर ही हकीकत सांगितली. सासूबाईंचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. “मग तू काय केलंस गं?” “काही नाही आजी. थांबले.” पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “तुझ्या बाबाला सुतळी बॉम्ब विझला की वाकून बघायची भारी खोड. दर दिवाळीत मी कान उपटायची.” ह्यांनी लगेच विषय बदलला. फटाक्यांच्या रात्री इथेही हेच सांगतात, पेटवलेल्या फटाक्याकडे परत जाऊ नका. मुलांनो, तुम्ही हे शाळेत ऐकलेच असेल. मोठ्यांना सांगायला हरकत नाही.

विरोध मावळला असे मी म्हणणार नाही. पण आता दर आठवड्याला त्या गुण विचारतात.

एक गोष्ट राहिली. आजीला सांगताना लेकीला चाप, नळी, काडतूस, पुंगळी हे शब्द आले, ‘फुसका बार’ तर तिला फारच आवडला. अडली ती उशिरा उडणाऱ्या काडतुसाशी. इंग्रजीत त्याला ‘हँगफायर’ म्हणतात. मी ‘रेंगाळलेला बार’ सुचवला. ती म्हणते, लांबलचक आहे, रेंजवर ओरडून सांगता येणार नाही. तुमच्या घरी याहून आटोपशीर शब्द कोणाला सुचला, तर पुढच्या शनिवारी चिठ्ठीवर लिहून बाईंकडे द्यावा.