हळदीचा फोटो

आज लिहायला निमित्त झाले ते आमच्या धाकट्या नातीचे.

ती फोटोग्राफी शिकते. सुट्टीत आली ती 'घरातल्या माणसांची व्यक्तिचित्रे' असा अभ्यास घेऊन. मला खिडकीशी बसवले. मी पदर सारखा करून हसरा चेहरा केला, तर म्हणते, "आजी, हसू नकोस. पेपर तपासताना बघायचीस तशी बघ."

मला वाटले, आता स्टुडिओतून छापून आणेल. तर बाईसाहेबांनी हळदीचा डबा मागितला! हळद स्पिरिटमध्ये कालवली, गाळली, जाड कागदावर ब्रशने फासली आणि कागद अंधाऱ्या खोलीत वाळवला. मग पारदर्शक प्लॅस्टिकवर छापलेला माझा फोटो त्यावर ठेवला, वर काच दाबली आणि सगळे गच्चीवर चैत्राच्या उन्हात. जिथे ऊन लागते तिथली हळद उडते, काळ्या भागाखालची टिकते. फुलापानांच्या रंगांवर असे प्रयोग जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये केले होते, हेही तिनेच सांगितले.

तीन तासांनी काच उचलली. पिवळ्यावर पिवळी, पुसटशी मी. मग तिने कागद टाकणखाराच्या पाण्यात बुडवला आणि बघता बघता माझे केस, भुवया, सुरकुत्या तांबड्या झाल्या.

मी गप्पच झाले. हळद आणि टाकणखार! माझी आई घरी कुंकू करायची ते असेच, वर लिंबाचा रस घालून.

ह्यांना जाऊन चौदा वर्षे झाली. तेव्हापासून घरात कुणाची हळद असली की मी दाराआड उभी राहते. खरे सांगते, मला कुणी 'मागे हो' म्हटले नाही. मीच सरले. वर्गात मुलींना सावित्रीबाईंचा धडा तळमळीने शिकवणारी मी, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मुकाट्याने सरले. आणि आता माझाच चेहरा हळदीकुंकवाचा होऊन ताटातल्या पाण्यात तरंगत होता. नातीच्या हे गावीही नव्हते. ती आपली कागद फाटू नये म्हणून जपत होती.

वाळल्यावर तिने बजावले, "आजी, हा फोटो पक्का होत नाही. उजेडात ठेवलास तर उडून जाईल. वहीत मिटून ठेव."

दोन दिवस ठेवला वहीत. तिसऱ्या दिवशी काढून बाहेरच्या खोलीत लावला. उडायचा तेव्हा उडू दे, तोवर दिसू तर दे.

वैशाखात पुतण्याच्या मुलीचे लग्न आहे. नातलग मंडळी हे वाचतातच, म्हणून आधीच सांगून ठेवते : या वेळी हळद लावायला मी पुढे येणार आहे. आणि फोटो बघायचा असेल तर जरा लवकर या. कपाळ आताच फिकट होऊ लागले आहे.