त्रेबेविचच्या उतारावर

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो. तिच्या चहूबाजूंना डोंगर. बिएलाश्नित्सा, इगमन, याहोरिना, आणि अगदी उशाशी त्रेबेविच. १९८४च्या हिवाळी ऑलिंपिकचा मान शहराला मिळाला तो यांच्या जोरावर. शहर तेव्हा युगोस्लाव्हियात होतं, आणि समाजवादी देशात हे खेळ पहिल्यांदाच भरत होते.

आधी बर्फच पडेना. पडलं ते असं कोसळलं, की पुरुषांची डाउनहिल शर्यत पुढे ढकलावी लागली आणि माणसं फावडी घेऊन रस्ते मोकळे करायला निघाली. युरे फ्रांकोनं जायंट स्लालममध्ये रौप्यपदक जिंकलं. हिवाळी ऑलिंपिकमधलं युगोस्लाव्हियाचं ते पहिलंच पदक. फ्रांको स्लोव्हेनियाचा, पण सारायेव्होनं त्याला आपलाच पोरगा म्हणून डोक्यावर घेतलं. १४ फेब्रुवारीला झेत्रा सभागृहात टॉर्व्हिल आणि डीन ही ब्रिटिश जोडी बर्फावर ‘बोलेरो’च्या सुरांवर नाचली, आणि कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी सहा गुण दिले. ते चित्रीकरण मी अजून बघते. पण नजर त्या जोडीवर ठरत नाही, मागे बसलेल्या प्रेक्षकांकडे जाते.

कारण त्यांच्या आसनांचं पुढे काय झालं, ते ठाऊक आहे. युगोस्लाव्हिया फुटला, बोस्नियात युद्ध पेटलं, आणि बोस्नियन सर्ब सैन्यानं एप्रिल १९९२मध्ये शहराला घातलेला वेढा फेब्रुवारी १९९६मध्ये उठला. तोफांच्या माऱ्यात झेत्रा जळालं. तिथे प्रेतं ठेवावी लागली. शवपेट्यांना लाकूड मिळेना, तेव्हा आसनांच्या फळ्या उचकटून पेट्या केल्या. शेजारचं सरावाचं मैदान कबरस्तान झालं.

आणि तोफा होत्या त्याच डोंगरांवर. त्रेबेविचवरचा बॉबस्लेचा काँक्रीटचा मार्ग अजून उभा आहे. मी त्यातून चालत खाली उतरले. पोरांनी फवारलेले भडक रंग, सांध्यांत शेवाळ. एका वळणावर भिंतीला आरपार भोकं दिसली, बंदुकीची नळी बसावी म्हणून पाडलेली. एका भोकात हात घातला, तर काँक्रीटच्या कडा बोटांना टोचल्या. भरधाव गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून कुणी तरी हिशेबानं वळवलेली ती भिंत, पुढे नेमबाजांचा आडोसा झाली. तोफा घेऊन वर बसलेल्यांपैकी काही जण याच शहरातले होते, खालची गल्ली न् गल्ली त्यांच्या ओळखीची. मला सर्वांत जड जातं ते हे.

५ फेब्रुवारी १९९४ रोजी सारायेव्होच्या मार्काले बाजारात एका तोफगोळ्यानं ६८ माणसं मारली. आठवडाभरातच नॉर्वेत लिलहामरचे खेळ सुरू झाले. तिथे ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष समारान्च यांनी सारायेव्होसाठी सर्वांना स्तब्ध उभं राहायला सांगितलं. १९८४मध्ये सारायेव्होत सुवर्ण जिंकलेली फिगर स्केटर कातारिना विट तिथे याच शहरासाठी बर्फावर उतरली. आणि बोस्नियाच्या चौघांच्या बॉबस्ले संघात दोन बोस्नियाक, एक क्रोएट आणि एक सर्ब असे एकाच गाडीत बसले. त्यांचा घरचा मार्ग तेव्हा तोफांच्या ताब्यात होता.

आता झेत्रा पुन्हा उभं राहिलंय. त्रेबेविचचा रोपवे २०१८मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९मध्ये युरोपातल्या तरुण खेळाडूंचा हिवाळी महोत्सव इथे भरला, सारायेव्हो आणि युद्धानंतर त्यापासून वेगळं झालेलं पूर्व सारायेव्हो या दोन शहरांनी मिळून भरवलेला. मुलं पुन्हा या उतारांवर आली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण १९८४मध्ये पाहुण्यांना बोलावणारं शहर एकच होतं. जळालेलं सभागृह बांधता आलं. ते एक शहर मात्र अजून परत आलेलं नाही, आणि माझा शोक त्याच्यासाठी आहे.