वजन कुठं जातंय?

मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर आधी जाम टेन्शन आलं. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरातलं आणि गल्लीतलं. पण ज्या गोष्टीने या टर्ममध्ये माझ्या झोपेचं खोबरं केलं, ती शेवटी मला मराठीतच कळली. म्हणून म्हटलं, मराठीतच सांगूया. तर मंडळी, विषय आहे गिटारच्या पेडलचा फूटस्विच!

ज्यांना पेडल म्हणजे फक्त सायकलचं माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारची केबल अँप्लिफायरकडे जाताना वाटेत एका छोट्या डब्यातून जाते. डब्यातलं सर्किट आवाज फाडतं, घुमवतं किंवा त्याचा प्रतिध्वनी करतं. १९६२ साली माएस्ट्रोचा फझ-टोन बाजारात आला, १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो वाजला, आणि मग गिटारवाल्यांच्या पायाशी डब्यांची रांगच लागली. पायाशी का, तर वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले! म्हणून डबा चालू-बंद करायचा तो बुटाने.

त्यासाठी बहुतेक घरगुती पेडलमध्ये थ्री-पीडीटी नावाचा स्विच असतो. खाली नऊ पाय, तीन-तीनच्या तीन रांगा. एका डब्यात जणू तीन स्विच. दोन मिळून गिटारचा सिग्नल एकतर सर्किटमधून नेतात किंवा सर्किटला वगळून सरळ बाहेर सोडतात, तिसरा एलईडी लावतो. दाबला की 'कट्ट' असा मस्त आवाज येतो.

माझी रूममेट आमच्या बँडमध्ये गिटार वाजवते. तिने पास आऊट झालेल्या एका सीनियरकडून त्याने स्वतः बनवलेला पेडल विकत घेतला होता. आवाज एकदम सॉलिड. पण गॅदरिंग तीन आठवड्यांवर आलं आणि प्रॅक्टिसमध्ये ऐन सोलोच्या वेळी आवाज गायब! पुन्हा दाबला की परत येतो, कधी येत नाही. कोणी म्हणालं बॅटरी बदल, कोणी म्हणालं केबल बदल. एका दुकानात दोनदा रीसोल्डर करून आणला. दोन्ही वेळा चार दिवस चालला आणि ये रे माझ्या मागल्या. शेवटी तिला तो दाबायचीच भीती बसली. एका रात्री ती शांतपणे म्हणाली, "सोलो काढूनच टाकूया." वर्षभर त्या सोलोसाठी बोटं सोलून घेतलेली मुलगी असं म्हणते, हे मला काही पटेना.

मी डबा उघडला. आतलं काम बघण्यासारखं होतं. एकच बोर्ड, त्यावरच थेट बसवलेला स्विच, वायरींचा गुंता नाही. पण भिंगातून पाहिल्यावर दोन पायांच्या सोल्डरभोवती केसासारखी गोल चीर दिसली. एके ठिकाणी तांब्याचा पॅड बोर्डवरून सुटला होता. मल्टिमीटर लावला तर एरवी सगळं ठीक, दाबलं की जोड तुटतो. आता हे तिसऱ्यांदा सोल्डर करून काय होणार होतं?

त्याच रात्री बाबांचा फोन आला. बाबा एसटीच्या वर्कशॉपात फिटर. मी इंग्लिश मीडियमला जावं हा त्यांचाच हट्ट. पण इंजिनीअरिंगला आल्यापासून आमचं अभ्यासावरचं बोलणं "कसा चाललाय?" "बरा चाललाय" इथंच संपायचं. मी काय शिकते ते त्यांना सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते. त्या दिवशी मात्र मी सांगून टाकलं, की एक बटण आहे, पायाने दाबतात आणि त्याचा जोड सारखा तुटतो. बाबांनी गिटार हातात घेतलेली नाही. त्यांनी एकच विचारलं, "पाय ठेवल्यावर वजन कुठं जातंय?"

मी गप्प.

"डाख दिलेला जोड वजन घ्यायला नसतो गं. वजन बोल्टानं घ्यायचं."

डाख म्हणजे सोल्डर, हेही मला तेव्हाच कळलं. आम्ही पाऊण तास बोललो. आईने मध्येच विचारलं, कोणाचं काही झालंय का!

मग मी वजनाची वाट शोधत बसले. ५० किलोचा माणूस एका पायाने उभा राहिला तर सुमारे ५०० न्यूटन. स्विचला त्यातलं थोडंच लागतं, पण स्टेजवर कोण मोजून दाबतं? बटण काही मिलिमीटर खाली जातं, तळाला टेकतं आणि उरलेला सगळा भार स्विचच्या अंगावर येतो. स्विचला आटे असलेली मान असते. ती डब्याच्या १२ मिलिमीटरच्या भोकातून वर येते आणि बाहेरचा नट डब्यावर बसतो. नट घट्ट असेल तर भार नटावरून डब्याला, डब्यावरून जमिनीला. आमच्या पेडलमध्ये आतला नटच नव्हता आणि बाहेरचा ढिला होता. बोर्ड मात्र दुसऱ्या टोकाला स्क्रूने पक्का. म्हणजे दर वेळी स्विच किंचित खाली जाणार, बोर्ड जागा सोडणार नाही, आणि मधल्यामध्ये सोल्डर वाकणार. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे.

बॉसच्या छोट्या पेडलमध्ये ही भानगड वेगळ्या तऱ्हेने सोडवलीय. पाय पडतो मोठ्या झाकणावर, आतला स्विच इवलासा, आणि सिग्नल बदलण्याचं काम एफईटी ट्रान्झिस्टर करतात. थोडक्यात, वजन एकाने सांभाळायचं, सिग्नल दुसऱ्याने.

आम्हीही तेच केलं. स्विच मुख्य बोर्डवरून काढला आणि त्याला स्वतःचा छोटा बोर्ड दिला. दोन्हींच्या मध्ये अनेक तारांची मऊ वायर, थोडी सैल सोडून. एकेरी जाड तार नको, ती हलून तुटते. मानेवर आधी आतला नट, मग दातेरी वॉशर, मग डबा, मग बाहेरचा नट. पिळताना आत स्विच बोटांनी धरून ठेवायचा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो. आणि मुख्य फंडा, आधी नट, मग सोल्डर! उलट केलं तर नट स्विचला ओढतो आणि तो ताण जोडात कायमचा राहतो. ज्यांना एकाच बोर्डवर स्विच आणि पॉट दोन्ही हवे असतील, त्यांनीही सगळं डब्यात बसवून, नट आवळून, मगच डाख द्यावा.

आणखी दोन गोष्टी. स्विच ९० अंशांत फिरवला तरी नऊ पाय चौकोनात तसेच बसतात, पण कनेक्शन सगळी चुकतात. म्हणून आधी मीटरने तपासा. आणि एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त इस्त्री करू नका, आतलं प्लॅस्टिक मऊ पडतं. फेरिक क्लोराइडमध्ये घरी केलेल्या एकेरी बोर्डवर तर आणखी जपा. तिथे तांबं फक्त गोंदावर चिकटलेलं असतं.

गॅदरिंगला सोलो झाला. तिने खाली न बघता पेडल दाबला, एवढंच मी पाहत होते. त्यानंतर बाबा फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" विचारत नाहीत. "सध्या काय उघडून बसलीयस?" असं विचारतात, आणि मला उत्तर देता येतं.

ज्युनियर्सपैकी कोणाला पेडल बनवायचा असेल तर जरूर भेटा. मल्टिमीटर आणि भिंग माझ्याकडे आहे. फक्त एक विनंती, स्विच आधीच सोल्डर करून आणू नका!